तीन नंबरच्या पट्ट्याचे सांधे

पट्टा फाटायचा तो बहुतेक तिसऱ्या पाळीत.
आमोण्याची जेटी, बार्ज अर्धी भरलेली,
आणि भरती आहे तोवर सुटायला हवं
म्हणून खालून तांडेलाच्या शिव्या.
अशा वेळी क्लिपा.
दोन तोंडं काटकोनात कापायची, पोलादी पट्ट्या बसवायच्या,
बोल्ट आवळून डोकी हातोडीनं ठेचायची.
तासाभरात माल चालू.
पण मग ती क्लिप बोलत राहते,
प्रत्येक फेरीला, ड्रमवर चढताना: टक्‌. टक्‌.
फटीतून भुकटी गळते, खालचे रोलर लाल होतात,
आणि घरी उशीवर डोकं टेकलं तरी मी मोजतोय
तीन मिनिटं दहा सेकंद, टक्‌,
तीन मिनिटं दहा सेकंद.
बायको म्हणायची, दात कसले वाजवता?

थंड सांधा आणला गुरुदास मळीकनं,
पुण्याहून बारा दिवस शिकून.
डब्यातलं सोल्युशन, बाटलीतला हार्डनर,
पायऱ्या कापलेल्या, ब्रश नवाकोरा.
वीज नको, प्रेस नको, चार माणसांची वजन उचलताना कण्ह नको.
खोटं कशाला बोलू, दिसायला तो सगळ्यांत देखणा.
पण डिसेंबरची पहाट होती,
मांडवीवर एवढं धुकं की पलीकडची बार्ज
नुसती खोकल्यावरून कळत होती.
हवेतलं पाणी गोंदात उतरलं.
नवव्या दिवशी सांधा उलगडला,
वहीचं पान उलटावं तसा, आवाजसुद्धा न करता.
गुरुदास दोन दिवस कँटीनमध्ये आला नाही.
धुक्याची चूक त्यानं स्वतःवर घेतली, तेही बरोबर नव्हतं.

आणि कायतान.
कायतान सुरी चालवायचा तेव्हा श्वास रोखायचा.
वरचा थर कापायचा, खालच्या कापडाचा
एक धागा दुखवायचा नाही.
सोल्युशनचा पहिला हात, वाट पाहा. दुसरा हात, वाट पाहा.
सुकलं का बघायला मी वाकायचो बॅटरी घेऊन,
तो माझं मनगट धरून बोटाची मागची बाजू
रबरावर टेकवायचा:
"बोटान पळय. दोळ्यांनी न्हय."
मग प्रेस, एकशे पंचेचाळीस अंश, वर घड्याळ.
आणि पुढचा तास असा
की त्यात मालकाला काही करता येत नाही.
तो जीपमधून उतरायचा, काटा बघायचा,
परत जीपमध्ये बसायचा.
कायतान उंडो मोडून चहात बुडवायचा.
तापलेलं उतरायलाही वेळ द्यायचा तो,
दाबाखालीच निवू दे म्हणायचा,
घाईनं उघडलास तर पोटात फोड धरतो.

मग खाणी बंद झाल्या.
पट्टा फुटाच्या भावानं विकला गेला.
कुणी गोठ्यात घातला म्हशींच्या खुरांखाली,
कुणी गॅरेजच्या दाराशी, कुणी होडीच्या कडेला.
बारा वर्षं मी त्याच्यावरून चाललो असेन
आणि ओळखलं नसेल.

परवा जुव्याला गेलो, कायतानच्या महिन्याच्या मिसेला.
त्याचा पुतण्या बेंतू खाजणात घेऊन गेला,
मानशीचं दार दाखवायला.
लाकूड कुजलं म्हणून काकानं रबर ठोकलं होतं.
चार थरी, बाराशेचं. आमचंच.
सांधा डोळ्यांना सापडेना.
चिखल पुसून मी बोट उलटं फिरवलं,
तिरकस, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत,
आणि एका जागी, केसाएवढं, काहीतरी लागलं.
पलीकडे खारं पाणी छातीइतकं.
अलीकडे भाताची मुळं कोरडी.

दुसरं दार मात्र मधोमध चिरलं होतं.
बेंतूनं विचारलं, याला काकासारखं करशील?
प्रेस भंगारात गेली. भरती पाचला.
पिशवीत माझ्या क्लिपा होत्या, असतातच.
म्हटलं, तासाभरात करतो, पण थोडं गळेल.
तो हसला, अगदी कायतानसारखा,
एका बाजूनं.
"थोडें गळूं दी," म्हणाला. "सुंगटां येतात."